भिंतीवरचा पूर

पावसाळ्यात कोल्हापूरकराला पंचगंगेचे आकडे तोंडपाठ असतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. सांगलीत आयर्विन पुलाजवळ तेच ४० आणि ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेलं. जुलै २०२१ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर ५६ ओलांडलं. या नद्यांना मोजपट्टी आहे आणि ती वाचणारा माणूसही. पण सह्याद्रीतल्या एखाद्या आडबाजूच्या ओढ्यावर पूल घालायचा झाला, तर पाणी कुठवर चढेल हे कोण सांगणार? तिथे ना पट्टी, ना नोंदवही.

मग अभियंता सूत्रं काढतो. सर्वांत जुनं डिकन्सचं, १८६५चं: पाणलोट क्षेत्राचा पाऊण घात घ्यायचा आणि प्रदेशानुसार ठरलेल्या अंकाने गुणायचं. पश्चिम घाटासाठी हा अंक २२ धरतात. दुसरं सर क्लॉड इंग्लिस यांचं. खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्राचे ते संचालक होते; त्यांचं सूत्र आपल्याकडच्या, पंख्यासारख्या पसरलेल्या पाणलोटांसाठीच बसवलेलं. १०० चौरस किलोमीटरचं पाणलोट धरून मी दोन्ही मांडून पाहिली. डिकन्सच्या हिशोबाने सेकंदाला सुमारे ७०० घनमीटर पाणी येतं, इंग्लिसच्या हिशोबाने ११८०. ओढा तोच!

इंडियन रोड्स काँग्रेसच्या छोट्या पूल-मोऱ्यांच्या मार्गदर्शिकेत यावर तोड आहे. सर्वांत मोठा आकडा घ्या, पण तो दुसऱ्या क्रमांकाच्या दीडपटीपुढे जाऊ देऊ नका. म्हणजे ७०० च्या शेजारी बसलेला ११८० छाटून १०५० वर आणायचा. एवढ्यावर थांबलं असतं, तर ही कागदावरची घासाघीसच ठरली असती. पण मार्गदर्शिका आणखी एक साक्षीदार बोलावते: गावात विचारून शोधलेली पूरखूण. पाणी त्या खुणेपर्यंत होतं असं धरून पात्राचा आडवा छेद मोजतात. उतार आणि काठ-तळाचा खडबडीतपणा यांवरून मॅनिंगच्या सूत्राने वेग काढतात. छेद गुणिले वेग, म्हणजे विसर्ग. समजा तो ९०० आला. आता ११८० दीडपटीच्या आत बसतो आणि अख्खा स्वीकारावा लागतो. देवळाच्या पायरीकडे बोट दाखवणाऱ्या म्हाताऱ्याचा शब्द पुलाच्या गाळ्यांपर्यंत पोचतो तो असा.

खूण घ्यायची कुठली, हेही पाहावं लागतं. जुन्या पुलाला लागून वरच्या अंगाची खूण हमखास फसवते, कारण तिथलं पाणी पुलानेच तुंबवलेलं असतं. याला फुगवटा म्हणतात. त्यासाठी मोल्सवर्थचं सूत्र वापरतात. पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने येतंय आणि भरावाने त्याची एक तृतीयांश वाट अडवली, तर फुगवटा सुमारे ३० सेंटीमीटर, म्हणजे फूटभर. निम्मी वाट अडवली, तर ७२ सेंटीमीटर. अडथळा दीडपट झाला, पाणी मात्र जवळजवळ अडीचपट फुगलं. सपाट मुलखात फूटभर फुगवटा नदीकाठाने मागे लांबवर पसरतो. शिरोलीजवळ महामार्गाच्या भरावाऐवजी कमानी घाला, ही मागणी कोल्हापुरात का होते, हे या दोन आकड्यांवरून उमगतं.

मोरीचं दुखणं निराळं. नकाशात तिचा नळ मोकळा असतो. ऐन पुरात बाभळीच्या फांद्या, उसाचा पाला, प्लास्टिक तोंडाशी येऊन बसतं आणि निम्मी वाट एका रात्रीत बंद होते. हा कचरा कोणत्याच सूत्रात नाही. माझ्या मते लहान ओढ्यांवर दोन-तीन बारीक नळांपेक्षा एकच मोठा गाळा बरा, खर्च थोडा वाढला तरी.

पूर ओसरला की भिंतीवर गाळाची तपकिरी रेघ उरते. तिचं आयुष्य दिवाळीपर्यंतचं. घर झाडून-पुसून निघतं, भिंतीला रंग बसतो, आणि पुढे कधीतरी सर्वेक्षणाला आलेल्या पोराला घरातले छातीला हात लावून सांगतात, ‘एवढं होतं.’ कुणाच्या छातीएवढं, ते त्याने ताडायचं. तेव्हा पूर पाहिलेल्या वाचकांना एवढंच सांगणं: यंदा रंग देताना त्या रेघेवर खिळ्याने एक खाच पाडा आणि शेजारी तारीख लिहा.