मोटारीचे अंतरंग : स्टार्टर फिरत नाही तेव्हा

मोटार सुरू होत नाही, या एकाच तक्रारीत दोन अगदी भिन्न अवस्था मिसळलेल्या असतात : किल्ली फिरवूनही इंजिन मुळीच न फिरणे आणि इंजिन फिरत राहूनही पेट न घेणे. दुसऱ्या अवस्थेचा संबंध इंधन, ठिणगी आणि संवेदक यांच्याशी असल्याने तिचा विचार पुढील लेखांकात केला जाईल. पहिल्या अवस्थेत दोष बहुधा बॅटरी, जाड केबल आणि स्टार्टर मोटर (गॅरेजच्या बोलीत ‘सेल्फ’) एवढ्याच मंडलात असतो. तरीही निदान चुकते ते येथेच, कारण या मंडलातील बिघाड प्रवाह अल्प असताना झाकलेले राहतात आणि भार पडल्यावरच उघड होतात.

शिसे-आम्ल बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 मध्ये सिद्ध केली आणि मोटारींत आजही प्रामुख्याने तिचाच वापर होतो. तिच्यात सुमारे 2.1 व्होल्टचे सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात. त्यामुळे पूर्ण भारित बॅटरी काही तास विसावल्यावर सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 व्होल्टला ती निम्मी उरलेली असते आणि आकडा 12 च्या खाली गेला की ती उतरली असे समजतात. मात्र हे आकडे विसाव्यातील आहेत. बॅटरी दीर्घकाळ उतरलेल्या स्थितीत राहिल्यास पट्ट्यांवरील लेड सल्फेटचे स्फटिक कठीण होतात आणि पट्ट्यांचे क्रियाशील क्षेत्र घटते. अशी बॅटरी विसाव्यात 12.4 व्होल्ट दाखवूनही स्टार्टरचा भार पडताच कोसळते. म्हणून मल्टिमीटर बॅटरीला लावून ठेवून दुसऱ्या व्यक्तीला किल्ली फिरवायला सांगणे हीच खरी परीक्षा होय, आणि त्या क्षणी दाब साडेनऊ व्होल्टच्या फारसा खाली जाता कामा नये. काही बॅटऱ्यांवर असणारी हिरवी खिडकी या बाबतीत फारशी भरवशाची नसते, कारण ती सहापैकी एकाच घटाची स्थिती दाखवते.

प्रखर उष्णता बॅटरीतील शिशाच्या जाळ्या गंजवते आणि पाणी उडवते, तर थंडी रासायनिक क्रिया मंदावते व इंजिनातील तेल घट्ट करते. त्यामुळे विदर्भातील मे महिन्यात झालेली झीज कित्येकदा डिसेंबरातील एखाद्या पहाटे लक्षात येते आणि दोष मात्र थंडीच्या माथी मारला जातो.

बॅटरी भाराखाली टिकत असूनही स्टार्टर मुका राहिला, तर लक्ष सांध्यांकडे वळवावे लागते. पेट्रोल मोटारीचा स्टार्टर साधारणतः शंभर ते दोनशे अँपिअर प्रवाह ओढतो, उलट छतावरील पाच वॉटच्या दिव्याला अर्धा अँपिअरही लागत नाही. टर्मिनलवर साचलेल्या पांढुरक्या-हिरवट क्षारामुळे केवळ 0.02 ओहमचा रोध निर्माण झाला, असे मानले, तर 150 अँपिअर प्रवाहाला तेथे तब्बल 3 व्होल्ट गमवावे लागतील. दिव्याच्या वाट्याची घट मात्र शंभरांश व्होल्टहूनही कमी असेल. दिवा लागतो म्हणजे बॅटरी आणि जोडण्या ठीक आहेत, हा सर्वमान्य तर्क याच हिशेबात ढासळतो.

अशी गळती शोधताना मल्टिमीटरची एक टोचणी बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर आणि दुसरी त्याच खुंटावर आवळलेल्या क्लॅम्पवर ठेवून किल्ली फिरवावी : चांगल्या सांध्यावर आकडा शून्याच्या आसपासच राहतो. याच रीतीने ऋण खुंट आणि इंजिनाचा उघडा धातू यांच्यातील दाब मोजला आणि तो अर्ध्या व्होल्टपर्यंत चढला, तर अर्थिंगची पट्टी गंजलेली किंवा ढिली आहे असे मानावे. कोकणातील दमट, खारट हवेत ही पट्टी विशेष तपासण्याजोगी असते. सफाईसाठी टर्मिनल सोडताना ऋण टोक आधी काढावे, कारण धन टोक सोडताना पाना बॉडीला टेकला तर सरळ शॉर्ट सर्किट होते.

आवाजही पुष्कळ सांगतो. स्टार्टरवरील सोलेनॉइड, म्हणजे जाड प्रवाहाचा मार्ग जोडणारा विद्युतचुंबकीय खटका, भराभर टकटकत असेल तर दाब अपुरा पडतो आहे : संपर्क जुळताच मोटर प्रवाह ओढते, दाब कोसळतो, खटका सुटतो, दाब पुन्हा सावरतो आणि हेच चक्र चालू राहते. एकच ठणठणीत ‘टक्’ होऊन शांतता पसरली आणि दिवेही मंदावले नाहीत, तर सोलेनॉइडचे जळके संपर्क किंवा झिजलेले कार्बन ब्रश संशयास्पद ठरतात. काहीच आवाज नसेल, तर स्टार्टर उतरवण्याआधी क्लच पूर्ण दाबला आहे का, किंवा स्वयंचलित गिअरचा दांडा ‘पी’ अथवा ‘एन’वर आहे का, हे पाहावे, त्यानंतर फ्यूज आणि रिले यांचा क्रम येतो.

उसन्या बॅटरीने मोटार सुरू झाली, तरी तपासणी तेथे थांबवता येत नाही. चालू इंजिनावर बॅटरीच्या टोकांशी साधारणतः 13.8 ते 14.5 व्होल्ट मिळायला हवेत. वेग थोडा वाढवूनही आकडा 12.5 वरच घुटमळत राहिला, तर आल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा त्याची जोडणी बिघडलेली असते आणि अशा मोटारीत बसवलेली नवी बॅटरीही थोड्याच प्रवासात उतरते.