वऱ्हाडचा इतिहास : उत्तरपत्रिकेत चुकतं कुठे?

सगळ्यात मोठा गोंधळ 1853 चा. त्या डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारले आणि 1854 मध्ये डलहौसीने त्यांचं राज्य खालसा केलं. म्हणून अमरावती-अकोल्याची मुलंही लिहून येतात, ‘वऱ्हाड खालसा झालं.’ साफ चूक! 1803 च्या देवगावच्या तहानंतर वऱ्हाड निजामाकडे होतं. हैदराबाद कंटिन्जंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी त्याने मे 1853 मध्ये ते कंपनीच्या कारभाराखाली दिलं. मालकी मात्र त्याचीच राहिली. 1902 मध्ये वर्षाला 25 लाख रुपयांवर कायमचा पट्टा झाला तो त्यामुळेच, आणि 1936 पासून हैदराबादच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणत तेही त्यामुळेच.

1803 च्या लढायांचंही तसंच. इंग्रजी पुस्तकांतलं ‘अरगाव’ म्हणजे आपल्या अकोला जिल्ह्यातलं अडगाव, हे इथल्या मुलांना तरी ठाऊक हवं. तिथली लढाई 29 नोव्हेंबर 1803 ची. असईची 23 सप्टेंबरची, जालन्याकडची. या दोन्हींची सरमिसळ होते. चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला त्यानंतर, 15 डिसेंबरला.