छतावरची वीज : आधी घरच्या बिलाचा हिशेब

करकंबात उन्हाला तोटा नाही. सवाल रकमेचा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून जास्तीला ७८,००० रुपये अनुदान ठरले. मात्र ते काम पुरे झाल्यावर खात्यात जमा होते. आधी रक्कम आपणच उभी करायची.

समजा, ३ किलोवॅटला १,८०,००० रुपये लागले. अनुदान वजा जाता राहिले १,०२,०००. महिन्याला दोन हजार वाचले तर सव्वाचार वर्षांत वसूल. सहाशेच वाचले तर चौदा वर्षे! कर्ज काढणार असाल तर व्याजही यात मिळवा. ज्यांना व्याज नकोच, त्यांनी रोखीत बसेल तेवढेच बसवावे.

खाली दुकान, वर घर, ही आपली जुनी रीत, आणि गफलत इथेच होते. अनुदान फक्त घरगुती मीटरला आहे, दुकानाच्या व्यापारी मीटरला नाही. मीही दोन्ही बिले एकत्र धरून खूश झालो होतो. घरची बारा बिले वेगळी मांडली तेव्हा १ किलोवॅटच पुरेसे निघाले. एवढ्याला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते, तीही टाकीच्या किंवा झाडाच्या सावलीत नसलेली. स्वच्छ उन्हात दिवसाला चारेक युनिट मिळतात.

आणखी एक. बॅटरी नसलेली यंत्रणा लाईट गेली की भर दुपारीही बंद पडते. म्हणून घरचा जुना इन्व्हर्टर भंगारात देण्याची घाई करू नये.