पडद्यावरचा गेरू खरा किती?

आपल्या भोपाळपासून सुमारे 45 किलोमीटरवर भीमबेटका आहे. तेथील खडकचित्रे डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी 1957 साली शोधून काढली व 2003 साली युनेस्कोने त्या स्थळास जागतिक वारशाचा मान दिला. वाकणकर स्वतः चित्रकार. चित्रांच्या प्रतिकृती ते हाताने काढीत. आज आपण मोबाइलवर छायाचित्र घेतो. पण तेच छायाचित्र एका मोबाइलवर विटकरी दिसते, तर दुसऱ्यावर गुलाबी. मग खरा गेरू कोणता?

मोबाइलच्या पडद्यावर गेरू नसतोच. असतात ते लाल, हिरवे व निळे प्रकाशठिपके. लाल पुष्कळ, हिरवा थोडा, निळा त्याहून कमी, असे प्रमाण जुळले म्हणजे डोळ्यांस गेरू दिसतो. हे प्रमाण राखण्याचे काम विजेचे.

एलसीडी पडद्यात मागे पांढरा प्रकाश असतो आणि प्रत्येक ठिपक्यापुढे द्रवस्फटिकाची झडप. विजेचा दाब बदलला की झडप कमीअधिक उघडते. चांगल्या पडद्यात तिच्या 256 पायऱ्या असतात. त्यातून 1,67,77,216 छटा होतात. स्वस्त पडद्यात 64 पायऱ्या, म्हणजे 2,62,144 छटा. मधली छटा हवी असल्यास ठिपका दोन पायऱ्यांमध्ये भराभर खालीवर केला जातो व डोळा त्यांची सरासरी काढतो.

ओएलईडी पडद्यात ठिपका स्वतःच उजळतो. तो मंद करण्याच्या दोन रीती आहेत. पहिली, वीजप्रवाह कमी करणे. परंतु तिन्ही रंगांचे ठिपके सारखे मंदावत नाहीत. प्रमाण बिघडते व चित्रावर परकी झाक येते. दुसरी, प्रवाह तोच ठेवून ठिपका सेकंदास शेकडो वेळा चालू-बंद करणे. यात रंग बराच टिकतो, मात्र काहींचे डोळे शिणतात.

म्हणून भीमबेटक्यास जाणाऱ्या कुटुंबांनी एवढे करावे. चित्रास हात न लावता, छायाचित्राच्या चौकटीत एक पांढरा कागद धरावा. पाहताना पडद्याचा उजेड फार मंद ठेवू नये आणि रात्रीची पिवळी झाक बंद करावी. कागदच गुलाबी दिसला, तर गेरूतही तेवढी गुलाबी भर पडली आहे असे समजावे.

ऊन, पाऊस व माणसाचा हात यांनी खडकावरचा रंग झिजतो. उद्या तो फिका झाला, तर मुलांच्या हाती आपली छायाचित्रेच उरतील. ती खोटी साक्ष देणार नाहीत, एवढी काळजी आज घ्यावयास हवी.