सीट उघडली की पाणी निघतं

मे महिना संपत आला की कोकण किनाऱ्यावरच्या स्पीडबोटी वर ओढल्या जातात. मांडवा, मुरुड, तारकर्ली, सगळीकडे तेच. पुढच्या तीनेक महिन्यांत इंजिनाची कामं निघतात, तळाला रंग लागतो, फायबरच्या भेगा भरल्या जातात. सीटची आठवण होते ती ऑगस्टच्या शेवटी, हंगाम तोंडावर आला की. मग घाईघाईत गाड्यांच्या सीट शिवणाऱ्याला बोलावून वरचं रेग्झिन तेवढं बदललं जातं. दिवाळीला सीट झकास दिसते. होळीपर्यंत शिवण उसवलेली असते आणि गिऱ्हाईक उठलं की त्याच्या पँटवर ओला डाग उमटलेला असतो.

बोटीची सीट बसून बसून झिजते असं आपल्याला वाटतं. खरं तर ती आतून भिजून मरते. रेग्झिनमधून पाणी जात नाही, पण शिवणीच्या प्रत्येक टाक्याला एक भोक असतं. माणूस बसला की गादीतली हवा त्या भोकांतून बाहेर पडते. तो उठला की दबलेला फोम फुगतो आणि हवेबरोबर वर साचलेलं पाणीही त्याच भोकांतून आत ओढून घेतो. म्हणजे बसणाऱ्या प्रत्येक माणसागणिक सीट थोडंथोडं पाणी पीत असते. त्यात ते पाणी खारं. पाणी उडून गेलं तरी मीठ फोममध्येच राहतं, आणि मीठ हवेतला दमटपणा धरून ठेवतं. पावसाळ्यात डबीतलं मीठ पाझरतं ते याचमुळे. एकदा खाऱ्या पाण्यात भिजलेला फोम कोकणच्या हवेत पुरता सुकतो म्हणणं धाडसाचं आहे.

हिशेब करून बघा. १८ इंच लांब, १८ इंच रुंद आणि ४ इंच जाड गादीचं आकारमान साधारण २१ लिटर भरतं, आणि फोममध्ये बहुतेक जागा पोकळच असते. गादी अर्धी जरी भिजली तरी दहा किलो पाणी झालं. अशा सहा गाद्या म्हणजे एक जास्तीचा प्रवासी फुकट वाहून नेण्यासारखं, तोही रोज, प्रत्येक फेरीला.

तेव्हा सीट नव्याने बांधायला घेताना पाणी आत येऊच नये यावर सगळा जोर लावण्यात अर्थ नाही. ते येणारच. आलेलं पाणी लगेच खालून निघून जाईल अशी रचना करणं, हे खरं काम.

सुरुवात जुनी सीट उघडण्यापासून. बिजागऱ्या आणि बोल्ट काढायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा. कुठली सीट डाव्या अंगाची आणि कुठली उजव्या, हे पंधरा दिवसांनी आठवत नाही. सीट पालथी केली की प्लायच्या कडेने स्टेपलची रांग दिसते. बहुतेक वेळा त्या जागी तांबूस पट्टाच उरलेला असतो, कारण साध्या लोखंडी पिना गंजून गेलेल्या असतात. चपट्या पेचकसाने एकेक पिन उचकटताना निम्म्या तिथेच तुटतात. त्यांची टोकं पकडीने ओढून काढायची, नाहीतर ती पुढे नव्या रेग्झिनला भोसकतात. कव्हर निघालं की पहिला येतो तो वास. फोमचा वरचा थर पिवळट, मधला बरा, आणि प्लायला टेकलेला खालचा बोटभर थर काळा पडलेला. पाणी कुठवर उतरलं आणि कुठे अडलं, ते या काळ्या थरावर लिहिलेलं असतं. प्लायच्या कडेला अंगठ्याने दाबून पाहा. पापुद्रे सुटत असतील किंवा नख रुतत असेल तर डागडुजीच्या भानगडीत पडू नका, फळी नवीच करा.

जुनं कव्हर मात्र फेकायचं नाही. तोच तुमचा साचा. प्रत्येक तुकड्यावर मार्करने अक्षर घाला, पुढची बाजू कुठली ते बाणाने दाखवा, आणि शेजारशेजारचे दोन तुकडे जिथे जुळतात तिथे शिवणीवर आडव्या खुणा करा. मगच शिवण उसवा. उन्हाने आणि वजनाने ताणलेला तुकडा एका बाजूला फुगलेला असतो, म्हणून तो मधोमध दुमडून दोन्ही अर्धे जुळतात का पाहायचं आणि त्यातला चांगला अर्धा घेऊन जाड कागदावर पूर्ण आकार काढायचा. फोमचं माप मात्र जुन्या फोमवरून कधीच घेऊ नका. तो बसलेला असतो. फोमचं माप फळीवरून.

फळीसाठी १२ मिमीचा मरीन प्लाय, म्हणजे आयएस ७१० चा शिक्का असलेला. मरीन प्लाय घेतला की चिंता मिटली असं दुकानदार सांगतो, ते अर्धंच खरं. त्याचा गोंद पाण्यात सुटत नाही आणि थरांवर कीड-कुजीविरुद्ध प्रक्रियाही केलेली असते. पण करवतीने कापलेली कड ही लाकडाची उघडी तोंडं असतात, आणि पाणी तिथूनच आत शिरतं. म्हणून आधी फळी कापायची, कोपरे गोल करायचे, सगळी भोकं पाडायची आणि त्यानंतर दोन हात इपॉक्सी मारायचं, कडांना आणि भोकांच्या आतल्या बाजूला तिसरा. क्रम उलटा केला, म्हणजे इपॉक्सी लावून मग ड्रिल मारलं, तर सगळी मेहनत त्या एका भोकातून वाहून जाते.

भोकं दोन प्रकारची. बोल्टची असतातच. दुसरी पाणी निघायची, २० ते २५ मिमी व्यासाची, आणि ती अंदाजपंचे पाडायची नाहीत. बोट धक्क्याला उभी असताना सीटचा कुठला कोपरा खाली असतो ते आधी पाहून ठेवा आणि तिथे एक भोक हवंच हवं. मग मध्ये दोन-तीन. बऱ्याच सीटच्या पोटाला नीटनेटकं दिसावं म्हणून रेग्झिनचंच अस्तर ठोकलेलं असतं. दिसायला छान, पण त्याने पाण्याची वाट पुरती बंद होते. तिथे जाळीचं कापड लावा. प्लायऐवजी जाड एचडीपीई शीटही चालते. ती कुजत नाही, पण तिच्यात स्टेपलची पकड कमी बसते आणि लांब बाकावर ती मधे वाकते.

फोमच्या दुकानात पहिला प्रश्न येतो, ‘किती डेन्सिटीचा?’ ३२, ४० हे आकडे म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन. जास्त डेन्सिटी म्हणजे जास्त कडक, असं बहुतेक जण धरून चालतात. तसं नसतं. कडकपणा वेगळा मोजतात; ४० चा फोम मऊही मिळतो आणि टणकही. डेन्सिटीवरून कळतं ते फोम किती वर्षं टिकेल, किती लवकर बसेल. बोटीसाठी ४० च्या खाली जाऊ नये. लाटेवरून उडून बोट आपटते तेव्हा बसलेल्या माणसाचं वजन क्षणभर कितीतरी पटीने वाढतं, आणि हलका फोम तेव्हा पूर्ण दबून माकडहाड थेट फळीवर बसतं. सोफ्याखाली घालतात तो चुऱ्याचा रिबॉन्डेड फोम स्वस्त आणि टणक असतो खरा, पण तो एकदा भिजला की पाणी सोडायला तयार नसतो. तो बोटीत नको.

सगळ्यात उत्तम म्हणजे रेटिक्युलेटेड फोम. यात पेशींमधले पापुद्रे प्रक्रियेने काढून टाकलेले असतात, नुसता सांगाडा राहतो, आणि वरून ओतलेलं पाणी सरळ खालून गळतं. किंमत मात्र साध्या फोमच्या कैक पट. खर्च झेपत नसेल तर मधला मार्ग दोन थरांचा आहे. खाली २५ मिमीचं बंद पेशींचं पॉलिइथिलिन फोम शीट, वर ७५ मिमीचा ४० डेन्सिटीचा पीयू फोम. खालचा थर आपटण्याचा दणका घेतो आणि पाणी पीत नाही. मात्र त्या शीटलाही फळीच्या भोकांच्या समोर भोकं पाडायची, नाहीतर पाणी दोन थरांच्या मधे तुंबतं.

आता या धंद्यातला जुना वाद. फोम प्लास्टिकच्या पिशवीत घालून टेपने बंद करावा का? अनेक जण करतात. मला ते पटत नाही. पिशवीला कुठेतरी स्टेपल लागतेच, तिथून पाणी आत जातं, आणि मग बाहेर यायला जागाच उरत नाही. पातळ प्लास्टिक लावायचंच तर फक्त वरून आणि बाजूंनी लावा, तळ मोकळा ठेवा. असं लावण्याचा आणखी एक फायदा म्हणजे कव्हर चढवताना ते फोमवरून सुळकन सरकतं.

फोम कापायचा विजेच्या कटरने, आणि फळीपेक्षा प्रत्येक बाजूला चार-पाच मिमी मोठा. कव्हर मापाचंच शिवलेलं असलं की फोम त्याला आतून दाबून धरतो आणि सुरकुती पडत नाही. थर चिकटवायला सोल्यूशन हलकं मारा. थापलं तर त्याचा सुकून मधे कडक पत्रा होतो.

रेग्झिन घेताना फक्त रंग पाहून घेऊ नका, उलटून पाठ पाहा. मागे सुती कापड असेल तर ते कुजणार. पॉलिएस्टरची विणलेली पाठ हवी. बोटीसाठीच्या रेग्झिनमध्ये, म्हणजे मरीन व्हिनाइलमध्ये, उन्हाच्या अतिनील किरणांना आणि बुरशीला अडवणारी द्रव्यं असतात, आणि ते चौरस मीटरला साधारण ६५० ते ७०० ग्रॅम भरतं. गाडीचं रेग्झिन निम्म्या भावात मिळतं, पण गाडीला छप्पर असतं. उघड्या उन्हात रेग्झिन मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू निघून जातं, मग ते कडक होतं आणि तडकतं. रंग फिकाच घ्या. गडद निळ्या सीटवर एप्रिलच्या दुपारी हाफ पँटमध्ये बसून पाहा, म्हणजे कळेल.

फिक्या सीटवर कधीकधी गुलाबी डाग पडतात आणि ते घासून जात नाहीत. कारण ते वरून पडलेलेच नसतात. आतल्या ओल्या फोममध्ये वाढलेले सूक्ष्मजीव रंग सोडतात, तो रेग्झिनमधून पाझरत वर येतो. तसा डाग दिसला की समजावं, आत पाणी आहे.

शिलाईत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी दगा देणारी गोष्ट म्हणजे दोरा. सुती दोरा कुजतो, नायलॉन उन्हाने लवकर कमजोर होतो. बॉन्डेड पॉलिएस्टर घ्या, टेक्स ९० किंवा जाड शिवणीला टेक्स १३५. टाका ४ ते ५ मिमीचा. बारीक टाका म्हणजे मजबूत शिलाई हा कपड्यांचा नियम. रेग्झिनवर बारीक टाके घातले की भोकं इतकी जवळ येतात की ते त्या रेघेवरच फाटतं. इथे पडलेलं भोक बुजत नाही, त्यामुळे उसवून पुन्हा शिवायची सोय नाही. टाचण्याही लावायच्या नाहीत, कपडे वाळत घालायचे चिमटे वापरायचे. मशीन वॉकिंग फूटचं हवं. साध्या मशीनमध्ये खालचा थर दात ओढून नेतात आणि वरचा थर पायाला चिकटून मागे राहतो, मग शेवटी बोटभर तुकडा जास्त उरतो.

शिवण कुठे येते हे ती किती मजबूत आहे यापेक्षा महत्त्वाचं. बसायच्या जागेवर शिवण नको, ती कडेला, उभ्या बाजूला उतरवा आणि पायपिंग घाला. हल्ली गाड्यांसारख्या चौकड्या आणि कंगोरे शिवून घ्यायची हौस आली आहे. त्यातली प्रत्येक रेघ म्हणजे पाण्याच्या तोंडांची एक रांग, तीही नेमकी माणूस बसतो तिथे. पाठीला करा हवं तर.

कव्हर चढवायच्या आधी अर्धा तास उन्हात ठेवा. ऊन नसेल तर हेअर ड्रायर चालतो. गरम रेग्झिन ऐकतं, थंड रेग्झिन भांडतं. घट्ट कव्हर चढत नसेल तर फोमवर पातळ पिशवी घालून व्हॅक्यूम क्लीनरने हवा ओढून घ्या. फोम आक्रसतो, कव्हर अलगद बसतं, मग हवा सोडायची आणि पिशवीचा तळ कापून टाकायचा. आता सीट पालथी करून पुढच्या कडेच्या मध्यावर एक स्टेपल, समोर मागच्या कडेच्या मध्यावर एक, मग डावी-उजवी. मध्यातून कोपऱ्याकडे जायचं, कोपरे सगळ्यात शेवटी. एकाच बाजूची रांग पूर्ण करत गेलात तर सगळी सुरकुती दुसऱ्या कोपऱ्यात गोळा होते आणि तिथून ती हलत नाही. सगळं ताणून झालं, सीट उलटून वरून पाहिली, शिवण सरळ दिसली, की मग मधल्या जागा भरा, दोन पिनांमध्ये दीड-दोन सेंटिमीटर अंतर ठेवून. पिना स्टेनलेसच्याच, १० मिमी पायाच्या, ३१६ ग्रेडच्या मिळाल्या तर सोन्याहून पिवळं. दुकानात चुंबक घेऊन जा. पिन टचकन चिकटली तर ती साधी आहे, वर जस्ताचा मुलामा असला तरी. सीट बोटीत बसवताना बोल्टखाली जाड वॉशर घालून फळी आणि डेक यांमध्ये थोडी फट ठेवा. फळी डेकला घट्ट चिकटून बसली तर तळाची भोकं बंद होतात.

पुढची निगा साधी आहे. संध्याकाळी गोड्या पाण्याने मीठ धुवायचं, गरजेपुरता साबण, मऊ ब्रश. ब्लीच नको, ते दोऱ्याला आणि रेग्झिनला दोघांनाही खातं. डासांच्या मलमाने चकाकी जाते, ते लावलेला हात सीटला लागला की सीट लगेच पुसायची. रात्री सुट्या गाद्या कडेवर उभ्या ठेवायच्या, भोकाचा कोपरा खाली. आणि हंगाम संपल्यावर गाद्या बोटीत ताडपत्रीखाली ठेवू नका. घरात, वारा लागेल अशा जागी, प्लास्टिक न गुंडाळता ठेवा.