बाद झालेला गडी परत येतो

ओळखीच्या एका आश्रमशाळेत यंदा खेळाचा तास सराव परीक्षांना देऊन टाकला. कबड्डीच्या मैदानावर आता गाड्या उभ्या राहतात. ऐकून फार वाईट वाटलं.

26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. पुढची काही वर्षं इमारती आणि बदल्यांतच गेली. मला आठवतं ते नव्वदचं दशक. 1990 ला बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पहिल्यांदा पदक होतं आणि सुवर्ण भारताला मिळालं. मी तेव्हा याच जिल्ह्यात एटापल्लीकडे शिकवत होतो.

घरी माडिया बोलणारं पोरगं वर्गात महिनोन्महिने तोंड उघडत नसे. पुस्तक मराठी, गुरुजी मराठी. तपासणीला आलेले साहेब त्याला 'मंद' म्हणून मोकळे व्हायचे. त्या शेऱ्यांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तेच पोरगं चढाईला गेलं, की पंचाला ऐकू जाईल असा दम घुमवावाच लागे, समोर सात जण उभे असताना. आवाज तिथे फुटायचा. पुढे वर्गातही.

त्याहून मोठी गोष्ट या खेळाच्या नियमातच आहे. बाद झालेला गडी कायमचा बाद नसतो. सोबत्याने समोरचा गडी बाद केला, की तो परत येतो, तेही बाद झालेल्या क्रमानेच. गुरुजींना लाडक्याला आधी आत घेता येत नाही. बाहेर बसलेल्या पोराला दिसायचं, की आपल्याला परत आणायला कुणीतरी झटतंय. पकडीची साखळी धरणाऱ्या मुलींनाही कळायचं, की आपला हात सुटला तर सगळ्यांची पकड सुटते. अर्थात चुकलेल्या पोरावर मैदानातच खेकसणारे शिक्षकही मी पाहिले. त्यांच्या हाताखाली पोरं आणखी मिटली.

2014 नंतर प्रो कबड्डी घराघरात दिसू लागली. मे 2018 मध्ये चंद्रपूरच्या आश्रमशाळांतली पाच मुलं एव्हरेस्टवर पोचली, त्याचा अभिमान मलाही आहे. पण सत्कार शिखराचा होतो आणि रोजचं मैदान मात्र हातचं जातं.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवं असं लिहिलं आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पालकांनो, पुढच्या बैठकीत निकालाच्या आधी मैदानाचं आणि खेळाच्या तासाचं विचारा.