ट्रान्झिस्टर घरात कोठे ठेवावा?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. मुंबईच्या अनेक भागांत वीज गेली, दूरध्वनी मुके झाले. अशा प्रसंगी सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर हाच बाहेरच्या जगाशी उरलेला दुवा ठरतो. मात्र ऐनवेळी तो नुसताच खरखरू लागला, तर दोष संचाचाच असतो असे नाही. पुष्कळदा तो जागेचा असतो.

विटांच्या वा मातीच्या कोरड्या भिंतींतून रेडिओलहरी फारशा अडथळ्याविना आत येतात. धातूवरून मात्र त्या परावर्तित होतात. पत्र्याचे छप्पर, लोखंडी कपाट, खिडकीचे गज आणि स्लॅबमधील सळ्या हे त्यांचे खरे अडसर होत.

मध्यम लहरींची लांबी सुमारे १९० ते ५६० मीटर असते. एवढ्या लांब लहरींना सळ्यांचे जाळे जवळजवळ सलग पत्र्यासारखेच भासते. म्हणून काँक्रीटच्या इमारतीत आतल्या खोलीपेक्षा खिडकीजवळ वा गॅलरीत आवाज स्पष्ट येतो. या लहरी टिपणारी फेराइटची कांडी संचाच्या आत आडवी बसविलेली असते. लोखंडी कपाटावर संच ठेवल्यास तिचे कार्य बिघडते. संचाची दर्शनी किंवा मागची बाजू केंद्राच्या दिशेला असावी. कडेची बाजू तिकडे वळल्यास आवाज क्षीण होतो.

एफ. एम. लहरींची लांबी सुमारे ३ मीटर असते. त्या संचाच्या बाहेरील धातूच्या एरियलने टिपल्या जातात. उभे एरियल पत्र्याच्या भिंतीला चिकटून असेल, तर येणारी लहर व तिचे परावर्तन परस्परांना मारक ठरतात. तेच भिंतीपासून पाऊण मीटर, म्हणजे लहरलांबीच्या चतुर्थांशाइतके, दूर सरकविल्यास दोन्ही परस्परांना बळ देतात. खोलीत अनेक पृष्ठभागांवरून परावर्तने होत असल्याने संच हातभर सरकवताच आवाजात फरक पडतो, त्याचे कारण हेच.

यासाठी खर्च काहीच नाही. पावसाळा सुरू होण्यापूर्वी एकदा संच हाती घेऊन, पत्रा, गज व कपाट यांपासून दूर, घरातील तीन-चार जागी तो लावून पाहावा. जेथे वार्तापत्र स्पष्ट ऐकू येते, ती जागा घरातील सर्वांस दाखवून ठेवावी. वादळाच्या रात्री, अंधारात, हा शोध घेण्याची वेळ येऊ नये.